‘हे शक्यच नाही’ असं ठणकावून सांगणाऱ्या तज्ज्ञांचं काय करायचं?

उंबरठा (धागाकर्ता)

एकाच माणसाची दोन भाकितं सांगतो.

युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सच्या ले व्हेरिये यांनी कागदावर हिशेब मांडला आणि सांगितलं की पलीकडे आणखी एक ग्रह आहे, आकाशात अमुक जागी बघा. बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना हे पत्र मिळालं त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६ ला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. दुर्बिणीला डोळा न लावता ग्रह शोधणारा माणूस! त्यांचा दबदबा किती वाढला असेल याची कल्पना करा.

पुढे बुधाच्या कक्षेतही किंचित गडबड दिसली. १८५९ मध्ये ले व्हेरिये यांनी तीच युक्ती पुन्हा वापरली: सूर्य आणि बुध यांच्यामध्ये काहीतरी आहे. एका खेड्यातल्या डॉक्टरने सूर्यबिंबावरून काळा ठिपका सरकताना पाहिल्याचं कळवलं. ले व्हेरिये स्वतः त्याच्या घरी गेले, उलटतपासणी घेतली, त्यांची खात्री पटली. ग्रहाचं बारसंही झालं, व्हल्कन. डॉक्टरला सरकारी सन्मान मिळाला. ग्रह मात्र कुणालाच सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाचा तो शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सुटला. न्यूटनचा नियमच तिथे तोकडा पडत होता. ले व्हेरिये १८७७ मध्ये गेले ते व्हल्कनवर विश्वास ठेवूनच.

डोकं तेच, पद्धत तीच, काटेकोरपणाही तोच. एकदा अचूक, एकदा साफ चूक. १८६० मध्ये आपण तिथे असतो तर कशावरून ओळखलं असतं?

दुसरं उदाहरण उलट बाजूचं. आल्फ्रेड वेगेनर, पेशाने हवामानशास्त्रज्ञ. १९१२ मध्ये त्यांनी मांडलं की खंड पूर्वी एकत्र होते आणि नंतर सरकत दूर गेले. किनाऱ्यांचे आकार, दोन्हीकडचे सारखे जीवाश्म, सारखे खडक, जुन्या हिमनद्यांच्या खुणा, सगळं पुढ्यात ठेवलं. विरोधकांचा मुख्य सवाल होता: एवढे खंड ढकलतं कोण? वेगेनरकडे धड उत्तर नव्हतं. मग निष्कर्ष काय निघाला, तर खंड सरकतच नाहीत. १९३० मध्ये वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फात गेले. त्यांचं म्हणणं पाठ्यपुस्तकात यायला आणखी तीसेक वर्षं लागली.

माझा मुद्दा एवढाच आहे. ‘कसं घडतं ते आम्हाला माहीत नाही’ आणि ‘हे घडत नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तज्ज्ञ मंडळी पहिलं वाक्य मनात ठेवतात आणि दुसरं तोंडाने बोलतात. तज्ज्ञांची थोरली फजिती बहुतेक वेळा या फटीतून होते असं मला वाटतं. तुमचं काय मत?

नाठाळ

वाचनखूण साठवली. आता ‘गॅलिलिओलाही छळलं होतं’ हा प्रतिसाद कितव्या क्रमांकावर येतो ते बघायचं.

खडकसिंग

भूशास्त्रवाल्यांना नेहमीप्रमाणे आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत, म्हणून थोडी वकिली करतो.

वेगेनरकडे यंत्रणा, म्हणजे ‘ढकलतं कोण’ याचं उत्तर, नव्हती असं नाही. त्यांनी यंत्रणा दिली होती आणि ती चुकीची होती. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खंड विषुववृत्ताकडे ओढले जातात आणि चंद्रसूर्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीने पश्चिमेला सरकतात, असं ते म्हणत. हॅरल्ड जेफ्रीस यांनी गणित करून दाखवलं की ही बलं कैक पटींनी अपुरी आहेत. जेफ्रीस यांचं ते गणित आजही बरोबर आहे. शिवाय ग्रीनलंड युरोपपासून दूर जाण्याचा वेगेनरनी काढलेला वेग वर्षाला कित्येक मीटर होता. अटलांटिक प्रत्यक्षात वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरने रुंदावतोय. समोर असा कागद आला तर कुणीही भुवया उंचावणारच.

पण धागाकर्त्याच्या मुद्द्यात दम आहे हे मान्य. यंत्रणा खोडली म्हणून जीवाश्म खोडले जात नाहीत. ते तिथेच होते. गंमत म्हणजे ज्यांच्या पायाखाली ते खडक होते त्यांना ही कल्पना लवकर पटली. दक्षिण आफ्रिकेचे द्यू तोआ स्वतः दक्षिण अमेरिकेत जाऊन दोन्हीकडचे थर ताडून आले आणि आयुष्यभर वेगेनरच्या बाजूने उभे राहिले. यंत्रणेचा पर्यायही फार उशिरा आला नाही. पृथ्वीच्या पोटातला खडक उष्णतेने अतिशय संथ फिरतो आणि खंड त्यावर वाहून नेले जातात, असं आर्थर होम्स यांनी १९३० च्या आसपासच सुचवलं होतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांनी (समुद्राचा तळ मधोमध नवा तयार होऊन दोन्हीकडे सरकतो याची खूण) शेवटी निकाल लावला. त्यावरचा व्हाइन आणि मॅथ्यूज यांचा लेख १९६३ चा. त्याच वर्षी लॉरेन्स मॉर्ली नावाच्या कॅनडाच्या भूभौतिकशास्त्रज्ञाने तोच विचार लिहून पाठवला होता. दोन नियतकालिकांनी परत केला. एका परीक्षकाचा शेरा साधारण असा होता की असल्या गप्पा पार्टीत रंगतात, गंभीर नियतकालिकात नव्हे. मॉर्लींची बलं चुकीची नव्हती, वेग चुकीचा नव्हता. तिथे मात्र माझ्याकडे वकिली नाही.

चौकटीबाहेर

खडकसिंग साहेब, म्हणजे शेवटी तेच! प्रस्थापित विज्ञान हा एक धर्मच झालाय. लॉर्ड केल्विन म्हणाले होते की भौतिकशास्त्रात आता नवं काही उरलं नाही. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचा प्रमुख म्हणाला होता की शोधण्यासारखं सगळं शोधून झालं, कार्यालय बंद करा. आयबीएमच्या प्रमुखाला जगात पाचच संगणक खपतील असं वाटत होतं. गॅलिलिओचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी आपण अजून तज्ज्ञांच्या तोंडाकडे बघत बसतो.

नाठाळ

तिसऱ्या क्रमांकावर. 🙏

खातरजमा

चौकटीबाहेर, तुमची पहिली तिन्ही उदाहरणं फॉरवर्डमधली आहेत.

केल्विन यांनी ते वाक्य उच्चारल्याचा पुरावा नाही. त्याच्याशी मिळतंजुळतं विधान अल्बर्ट मायकेलसन यांचं आहे, १८९४ मधलं. मूलभूत तत्त्वं बहुधा पक्की झाली आहेत, पुढचे शोध दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या स्थानावर होतील, अशा अर्थाचं. पेटंट कार्यालयाचे ड्युएल तसं काही म्हणालेच नव्हते. पाच संगणकांचंही तेच, वॉटसन यांच्या तोंडी ते कुणी घातलं कोण जाणे.

तज्ज्ञांच्या आंधळ्या आत्मविश्वासाची यादी आपण स्वतः तपासल्याशिवाय तितक्याच आत्मविश्वासाने पुढे ढकलतो, याची मला फार मौज वाटते.

खरी उदाहरणं हवी असतील तर कमी नाहीत. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यांनी १८३५ मध्ये लिहिलं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीही कळणार नाही. १८५७ मध्ये ते वारले. १८५९ मध्ये किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटातल्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची रीत दाखवली, आणि सूर्यात काय काय आहे ते वाचायला सुरुवात झाली. ‘कधीही’ हा शब्द चोवीस वर्षं टिकला. न्यूयॉर्क टाइम्सने १९२० मध्ये रॉबर्ट गोडार्ड यांची टर उडवली होती की निर्वात पोकळीत अग्निबाण ढकलणार कशाला, एवढं शाळेतलं विज्ञानही यांना ठाऊक नाही. दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ ला. तेव्हा अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर होतं.

उंबरठा

खातरजमा, धन्यवाद. केल्विन यांचं नाव निघालंच आहे तर त्यांची खरी गोष्ट सांगतो, ती त्या बनावट वाक्यापेक्षा कितीतरी बोलकी आहे.

पृथ्वीचं वय. केल्विन यांचा विचार सरळ होता. पृथ्वी आधी तापलेला गोळा होती आणि ती हळूहळू निवतेय. खाणीत खाली जाताना तापमान किती वाढतं ते मोजा, खडक उष्णता किती वाहून नेतो ते मोजा, आणि मागे हिशेब करत जा. १८६२ मध्ये उत्तर आलं २ कोटी ते ४० कोटी वर्षं. इथे मर्यादा रुंद आहे हे लक्षात घ्या. पुढच्या पस्तीस वर्षांत मात्र केल्विन ती आवळतच गेले. १८९७ मध्ये म्हणाले, २ ते ४ कोटी, आणि २ कोटींच्या जवळच. डार्विनच्या उत्क्रांतीला एवढा वेळ पुरत नव्हता. थर मोजणारे भूशास्त्रज्ञ कुरकुरत होते, पण गणितापुढे त्यांचा आवाज बंद झाला. खरं वय निघालं सुमारे ४५४ कोटी वर्षं.

चूक कुठे होती? सगळे म्हणतात, पृथ्वीला आतून तापवत राहणारा किरणोत्सर्ग तेव्हा माहीत नव्हता. ते अर्धसत्य आहे. खरी खोट १८९५ मध्येच दाखवून झाली होती आणि ती दाखवली केल्विन यांचेच एके काळचे साहाय्यक जॉन पेरी यांनी. पेरी म्हणाले, गुरुजी, तुम्ही गृहीत धरलंय की पृथ्वी आतपर्यंत घट्ट आहे आणि सगळीकडून सारखीच उष्णता वाहते. आतला भाग थोडा जरी फिरता असेल तर खालची उष्णता वर येत राहील, आणि तुमच्याच मोजमापांतून वय दोन-तीनशे कोटी वर्षांपर्यंतही जाऊ शकेल. पेरींनी यात किरणोत्सर्गाचं नावही घेतलं नव्हतं, तो शोध पुढच्या वर्षीचा.

म्हणजे गणित चोख, मोजमाप चोख, आणि तळाशी एक गृहीतक जे केल्विन यांना गृहीतक वाटतच नव्हतं. खडकसिंग, तुमचे होम्सही त्याच संथ फिरणाऱ्या खडकाबद्दल बोलत होते ना? पेरींचं तेव्हाच कुणी गंभीरपणे ऐकलं असतं तर वेगेनरची ‘ढकलतं कोण’ ही अडचण निम्मी झाली असती, असं मला वाटतं.

खडकसिंग

हो, तोच फिरता खडक. हे दोन्ही धागे असे एकत्र गुंफलेले फार कमी जागी वाचायला मिळतात.

ब्रेट्झ यांचंही सांगून टाकतो. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात बेसाल्टचा विचित्र खरवडलेला प्रदेश आहे: कोरड्या दऱ्या, कुठलीही नदी नसताना उभे असलेले धबधब्यांचे कडे. १९२३ मध्ये हार्लन ब्रेट्झ म्हणाले की हे एका अवाढव्य पुराने थोडक्या काळात केलंय. भूशास्त्रात तेव्हा दंडक होता की जे घडतं ते कणाकणाने, सावकाश. महापूर म्हटलं की बायबलचा वास यायचा. १९२७ मध्ये त्यांना वॉशिंग्टन शहरात बोलावून जाणकारांनी रांगेने झोडपलं. झोडपणाऱ्यांतल्या कित्येकांनी ती जागा पाहिलेलीही नव्हती. सवाल पुन्हा तोच: एवढं पाणी आणलं कुठून?

पाणी होतं. हिमनदीच्या बांधाने अडलेला मिसूला नावाचा प्राचीन तलाव, बांध फुटला की रिकामा होणारा. त्या तलावाच्या तळावर पार्डी यांनी वाळूत उमटतात तशा लाटा दाखवल्या, फक्त दोन-तीन मजली उंच. माणूस त्यावरून चालत जातो आणि त्याला वाटतं टेकड्या आहेत. वरून बघितल्याशिवाय नक्षी कळत नाही. ब्रेट्झ यांना भूशास्त्रातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं १९७९ मध्ये, वय नव्वदीच्या पुढे. विरोधक एव्हाना हयात नव्हते, त्यामुळे फुशारकी मारायला कुणी उरलं नाही अशी त्यांची तक्रार होती म्हणे.

डॉक्टरीणबाई

वैद्यकातली दोन ठरलेली उदाहरणं कुणी आणायच्या आत मीच आणते, कारण ती नेहमी अर्धवट सांगतात.

सेमेलवाइस. व्हिएन्ना, १८४७. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींच्या वॉर्डात जात आणि बाळंतज्वराने बायका मरत. शेजारच्या सुइणींच्या वॉर्डात मृत्यू कितीतरी कमी. सेमेलवाइस यांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू काही आठवड्यांत २ टक्क्यांच्या घरात आले. तरीही मानलं नाही, कारण जंतूंचा सिद्धांत अजून यायचा होता. उंबरठा यांचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. यंत्रणा नाही, म्हणून आकडेही नाहीत!

पण पुढचं? सेमेलवाइस यांनी सविस्तर पुस्तक लिहिलं १८६१ मध्ये, चौदा वर्षांनी. त्यानंतर विरोधकांना खुनी म्हणणारी पत्रं लिहिली. शिवाय सगळ्याच बाळंतज्वराचं कारण एकच, कुजणारा सेंद्रिय पदार्थ, यावर अडून बसले. बंडखोराचा अतिआत्मविश्वासही अतिआत्मविश्वासच असतो.

दुसरं, पोटातला अल्सर जंतूमुळे होतो हा शोध. वॉरेन आणि मार्शल. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे जंतू वाढवायच्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या म्हणून तो जंतू वाढलेला दिसला. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली (अल्सर झाला नव्हता, लोक तसं सांगतात). २००५ मध्ये नोबेल. पण ‘जग वीस वर्षं हसत होतं’ हे खरं नाही. १९८४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा लेख छापला आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने अल्सरवर जंतुनाशक द्या असा सल्ला दिला. दहा वर्षं. जगभरच्या उपचाराची दिशा बदलायला दहा वर्षं म्हणजे कासवगती नव्हे. मधल्या काळात इतरांनी प्रयोग केले, जंतू मारल्यावर अल्सर परत येत नाही हे दिसलं, विषय संपला.

आता माझी खरी तक्रार. माझ्यासमोर बसून नातेवाईक म्हणतात, ‘मॅडम, सेमेलवाइसलाही वेड्यात काढलं होतं.’ हातात कुणाच्या तरी चमत्कारी उपचाराची जाहिरात. त्यांना मी ड्यूसबर्गची गोष्ट सांगते. पीटर ड्यूसबर्ग, विषाणूंवर उत्तम काम केलेला माणूस. त्याने ठणकावून सांगितलं की एचआयव्हीमुळे एड्स होत नाही. ही ‘वेगळी’ बाजू दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष म्बेकी यांना पटली आणि औषधं द्यायला उशीर झाला. २००८ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की त्यापायी ३ लाख ३० हजारांहून जास्त लोक गेले. चौकटीबाहेरच्या विचाराचं असंही बिल येतं.

चौकटीबाहेर

डॉक्टरीणबाई, तुमचा राग समजतो. पण हे माझ्यावर कशाला? मी चमत्कारी उपचार विकत नाही. माझं म्हणणं एवढंच की हसण्याआधी बघा. तुम्ही लोक बघायच्या आधी हसता.

नाठाळ

बघण्यावरून एन-किरण आठवले. १९०३ मध्ये ब्लाँडलो नावाच्या नामवंत फ्रेंच शास्त्रज्ञाने नव्या किरणांचा शोध जाहीर केला. अंधाऱ्या खोलीत एक मंद ठिणगी किंचित उजळ दिसते, तीही डोळ्यांनीच ठरवायची. बाकीच्यांनाही ते दिसू लागले, लेखांचा पाऊस पडला. १९०४ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वूड त्यांच्या प्रयोगशाळेत गेले. अंधारात त्यांनी उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. समोरचा माणूस आकडे वाचतच राहिला, पहिल्यासारखेच.

चौकटीबाहेर, इथे तर बघायला जाणारा माणूस होता. हसण्याआधी गेला, बघून आला, मग हसला. असं चालेल?

चौकटीबाहेर

चालेल. असे वूड जास्त हवेत.

आकडेमोड

मंडळी, एक मोठी खोट राहते आहे. आपण वेगेनर, ब्रेट्झ, सेमेलवाइस यांची नावं घेतो कारण ते बरोबर निघाले. ज्यांच्या ‘क्रांतिकारी’ कल्पना फेटाळल्या गेल्या आणि त्या खरंच फालतू होत्या, त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. नोबेलविजेत्यांच्या यादीतून ‘हसलेल्यांपैकी किती बरोबर’ हे काढता येत नाही. त्यामुळे ‘फेटाळलं गेलंय’ ही बाब कल्पनेच्या बाजूने पुरावा ठरत नाही. विरोधातही फारसा नाही.

भाकितांचं मात्र मोजमाप होतं. फिलिप टेटलॉक यांनी राजकारण आणि अर्थकारणातल्या २८४ तज्ज्ञांची ८० हजारांहून जास्त भाकितं जमवली, प्रत्येकाकडून शक्यता आकड्यात लिहून घेतली आणि वर्षानुवर्षं वाट पाहिली. सरासरी तज्ज्ञ साध्या ठोकताळ्यांपेक्षा फारसा पुढे नव्हता. आणि जितका माणूस जास्त प्रसिद्ध, माध्यमांना जितका हवाहवासा, तितकी त्याची कामगिरी वाईट. सगळं काही एकाच मोठ्या तत्त्वात बसवणारे सर्वांत मागे.

पॉल एर्लिक विरुद्ध ज्युलियन सायमन ही पैजही आठवा. १९८० मध्ये पाच धातू निवडले: तांबं, क्रोमियम, निकेल, कथील, टंगस्टन. जीवशास्त्रज्ञ एर्लिक म्हणाले, लोकसंख्येमुळे टंचाई वाढेल, भाव चढतील. अर्थशास्त्रज्ञ सायमन म्हणाले, उतरतील. १९९० मध्ये एर्लिक यांनी ५७६ डॉलर ७ सेंटचा धनादेश पाठवला. लोक इथे टाळ्या वाजवून थांबतात. नंतर अर्थतज्ज्ञांनी इतर दहा वर्षांचे कालखंड तपासले, तर बऱ्याच कालखंडांत एर्लिक जिंकले असते. सायमन यांना थोडं नशीबही लाभलं. एका पैजेवरून कुणाचा सिद्धांत बरोबर ते ठरत नाही, पण पैज लावल्यामुळे निदान काय म्हणायचंय ते तरी पक्कं झालं.

खडकसिंग

आकडेमोड, तुमच्या वहीत पार्कफील्ड लिहून घ्या. कॅलिफोर्नियातलं छोटं गाव. १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ या वर्षी तिथे सुमारे ६ तीव्रतेचे भूकंप झाले. सरासरी बावीस वर्षं. अमेरिकेच्या भूशास्त्र विभागाने १९८५ मध्ये अधिकृत भाकीत केलं: पुढचा १९९३ च्या आत, खात्री ९५ टक्के. उपकरणांचं जाळं पसरलं. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला. उपकरणांमुळे नोंदी मात्र अप्रतिम मिळाल्या. मला या प्रकरणाबद्दल आदरच वाटतो. तारीख, जागा, टक्केवारी सगळं आधी छापलं, त्यामुळे चुकलं ते चुकलं असं सगळ्यांना दिसलं.

याच्या अगदी विरुद्ध टोक म्हणजे इटलीतलं लाक्विला. २००९ च्या सुरुवातीपासून तिथे लहान धक्के सुरू होते. जुलियानी नावाचा एक तंत्रज्ञ जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूवरून भूकंप सांगता येतो म्हणायचा. मार्चअखेरीस त्याने जवळच्या सुल्मोना गावाचा इशारा दिला, घबराट पसरली, तिथे काही झालं नाही. त्याच्यावर अफवा पसरवल्याची तक्रार झाली. लोकांना शांत करण्यासाठी ३१ मार्चला तज्ज्ञांच्या आयोगाची बैठक भरवली. नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख दे बेर्नार्दिनिस यांनी टीव्हीवर सांगितलं की छोट्या धक्क्यांनी ऊर्जा बाहेर पडतेय, म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे. या म्हणण्याला विज्ञानाचा आधार नव्हता. ६ एप्रिलच्या पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला, ३०९ माणसं गेली. नातेवाईक न्यायालयात म्हणाले, एरवी धक्का बसला की आम्ही रात्र बाहेर काढायचो, त्या दिवशी ऐकलं आणि घरात राहिलो.

सात जणांना २०१२ मध्ये सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये सहा शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, दे बेर्नार्दिनिस यांची शिक्षा दोन वर्षांवर आली. जगभर बातमी काय फिरली, तर ‘भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंग’. खटला त्याबद्दल नव्हताच. होणार नाही अशी हमी दिल्याबद्दल होता. आणि जुलियानीचा इशाराही चुकीचाच होता बरं का, त्याला हुतात्मा करू नका. त्याने सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या गावात काही झालं नव्हतं. एका चुकीच्या ‘होणार’ला खोडायला जाऊन अधिकाऱ्यांनी तितकंच चुकीचं ‘होणार नाही’ सांगितलं.

डॉक्टरीणबाई

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, खरंच. पेशंटला ‘काही काळजी करू नका’ म्हणताना मला हे आठवेल.

यंत्रमानव

जेफ्री हिंटन राहिले. कृत्रिम न्यूरल नेटवर्कवर (मेंदूच्या धर्तीवर संगणकाला शिकवायची पद्धत) ते कित्येक दशकं काम करत होते, तेव्हा क्षेत्रातल्या बहुतेकांनी तो मार्ग सोडून दिला होता. २०१२ नंतर डाव पलटला. २०१६ मध्ये तेच म्हणाले की रेडिओलॉजिस्टचं प्रशिक्षण आताच थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल, फार तर दहा. दहा वर्षं सरत आलीत, रेडिओलॉजिस्ट कमी पडतायत अशी ओरड चालू आहे. एकदा जगाविरुद्ध बरोबर ठरलं की माणसाला चटक लागत असावी.

उंबरठा

यंत्रमानव, तुमचं शेवटचं वाक्य ले व्हेरिये यांनाही बसतं. आणि पाउलिंग यांना तर मापून शिवल्यासारखं.

डॅन शेख्टमन, ८ एप्रिल १९८२. ॲल्युमिनियम-मँगनीजचा झटकन थंड केलेला मिश्रधातू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. ठिपके वर्तुळात दहा. स्फटिकात दहाची सममिती असूच शकत नाही, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात सिद्धतेसह दिलेलं. वहीत त्यांनी ‘दहापदरी’ अशी नोंद केली आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं. गटप्रमुखाने पाठ्यपुस्तक हातात दिलं, म्हणाले वाच. नंतर गट सोडायला सांगितलं. लेख आला नोव्हेंबर १९८४ मध्ये. लायनस पाउलिंग, रसायनातले दिग्गज, म्हणत राहिले की अर्धस्फटिक (अशा पदार्थांना मिळालेलं नाव) वगैरे काही नसतं, अर्धशास्त्रज्ञ असतात. शेख्टमन यांना नोबेल २०११ मध्ये. स्फटिकाची व्याख्या त्याआधीच, १९९२ मध्ये, बदलावी लागली होती.

पण डॉक्टरीणबाईंसारखंच इथेही थोडं थांबायला हवं. पाउलिंग नुसते टोमणे मारत नव्हते. त्यांनी पर्यायी स्पष्टीकरण दिलं: नेहमीचेच स्फटिक जुळ्यांसारखे एकमेकांत अडकले की दहाची सममिती भासते. त्यासाठी आकडे दिले. ते तपासता आले आणि चांगल्या नमुन्यांच्या क्ष-किरण चाचण्यांत खोटे ठरले. त्यांची भाषा उर्मट होती, विरोधाची पद्धत मात्र रास्त. ठरावीक वस्तुमानापेक्षा जड तारा शेवटी कोसळत जातो हे गणिताने दाखवणाऱ्या तरुण चंद्रशेखर यांना १९३५ मध्ये ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भरसभेत जे ऐकवलं ते तसं नव्हतं. तारा असा वेड्यासारखा कोसळू नये म्हणून निसर्गात एखादा नियम असायला हवा, असं ते म्हणाले. हिशेबातली खरी चूक दाखवता आली नाही, निष्कर्ष आवडला नाही हे मात्र उघड होतं. माझ्या लेखी एडिंग्टन यांचा दोष पाउलिंग यांच्यापेक्षा मोठा आहे.

चौकटीबाहेर

ठीक. मग मेलेल्यांची उदाहरणं पुरे. आज, आत्ता, कुठल्या कल्पनेवर तुम्ही लोक हसताय आणि पुढे पस्तावाल ते सांगा. नावानिशी. टक्केवारीसकट. आकडेमोड म्हणतात तसं.

तारांगण

मी सांगते. मॉण्ड.

आकाशगंगांच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फार वेगाने फिरतात. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ म्हणतात, न दिसणारं डार्क मॅटर आहे. मोर्देखाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये म्हटलं, नसेल. अतिशय क्षीण त्वरणाला गतीचा नियमच बदलत असेल. हेच मॉण्ड. म्हणजे हा नेपच्यून आहे की व्हल्कन, असा प्रश्न आहे बघा. अदृश्य वस्तू की तोकडा नियम?

मॉण्डच्या बाजूने: एकच स्थिरांक घेऊन शेकडो आकाशगंगांचे वेग बऱ्यापैकी अचूक सांगता येतात, आणि काही गोष्टी मोजण्याआधी सांगितल्या गेल्या. डार्क मॅटरचा कण प्रयोगशाळेत अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. विरुद्ध बाजूने: आकाशगंगांच्या समूहांत मॉण्ड लावूनही वस्तुमान कमी पडतं, बुलेट क्लस्टरमध्ये (एकमेकांवर आदळलेले आकाशगंगांचे दोन समूह) गुरुत्वाकर्षण वायूपासून वेगळं पडलेलं दिसतं, आणि विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या पार्श्वप्रारणाचे तपशील डार्क मॅटरने फार छान जुळतात.

माझे आकडे: मूळ स्वरूपातलं मॉण्ड बरोबर असण्याची शक्यता ५ टक्के. पण मॉण्डने दाखवलेला तो नियमितपणा खरा असून आपल्याला त्याचं कारण अजून कळलेलं नाही, याला ८० टक्के. यंत्रणा न पटल्यामुळे तो नियमितपणाच झटकून टाकणारे सहकारी मी पाहते, तेव्हा वेगेनर आठवतो.

चौकटीबाहेर

माझे मूळ मॉण्डला ३० टक्के. समूहांत कमी पडणारं वस्तुमान न्यूट्रिनो या अतिशय हलक्या कणांचं असेल असं मॉण्डवाले म्हणतात ना? ते का चालत नाही?

तारांगण

चांगला प्रश्न. त्यासाठी न्यूट्रिनोचं वस्तुमान सुमारे २ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान सांगायचं एकक) लागतं. एकेकाळी ते शक्य कोटीतलं होतं. जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने २०२२ मध्ये वरची मर्यादा ०.८ वर आणली, नंतर आणखी खाली. ती वाट बंद झाली. नेहमीच्या तीन न्यूट्रिनोंपलीकडचा, कशाशीच क्रिया न करणारा, जड न्यूट्रिनो मानला तर वाट उरते. पण मग ते मागच्या दाराने आणलेलं डार्क मॅटरच झालं.

चौकटीबाहेर

बरं, मग ३० वरून १५ करतो. त्याखाली नाही. कॅट्रिनचं कुठे वाचता येईल ते व्यक्तिगत निरोपाने कळवा.